ठिपक्याचं ताट : विदर्भातल्या प्राचार्यांना आणि 'रासेयो' अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
विदर्भातल्या तालुक्याच्या आणि खेड्यापाड्यांतल्या महाविद्यालयांचे प्राचार्य,
राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी
आणि वसतिगृहांचे गृहपाल

सप्रेम नमस्कार.

1 डिसेंबर, म्हणजे जागतिक एड्स दिन, तोंडावर आला आहे. तुमच्याकडे रॅलीचं परिपत्रक फिरलं असेल, लाल फितीच्या पिना मागवल्या असतील, घोषवाक्यांच्या फलकांना मागच्या वर्षीच्याच काड्या लागल्या असतील. मला त्या रॅलीबद्दल लिहायचंय. पण आधी एका ताटाबद्दल लिहिते.

मी रक्तकेंद्रात तंत्रज्ञ आहे. बावीस वर्षं झाली, तुमच्या कॉलेजांत रक्तदान शिबिरांना येते. लोक आम्हाला अजून रक्तपेढीवालेच म्हणतात, माझी हरकत नाही. अशाच एका शिबिरात दुपारी मुलींच्या वसतिगृहात जेवायला बसलो. मांडणीवरून मी ताट उचललं, तर वाढणारी पोरगी घाईघाईनं म्हणाली, "मॅडम, ते नका घेऊ. ते तिचं आहे." ताट उलटं करून पाहिलं. बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. बाजूच्या ग्लासालाही तसाच. "तिचं म्हणजे कोणाचं?" तर खालच्या आवाजात उत्तर आलं, "तिले रक्ताचा आजार आहे ना, मॅडम."

ती मुलगी मला माहीत होती. तिला सिकलसेल आहे. त्रास वाढला की ती आमच्याकडे रक्त चढवायला येते. सिकलसेल आईबापाकडून जन्मासोबत येतो, दोघांकडून एकेक जनुक आला की होतो. तो ताटातून जात नाही, ग्लासातून जात नाही, तिचं रक्त कोणाच्या हातावर सांडलं तरी जात नाही. विदर्भात हा आजार इतका आहे की तुमच्या जवळपास प्रत्येक कॉलेजात त्याचे पेशंट किंवा वाहक बसलेले असतील. गृहपाल बाईंना विचारलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "सावधगिरी म्हणून, मॅडम. नुकसान तर काही नाही त्यात."

त्याच वसतिगृहाला आदल्या वर्षी एड्स जनजागृतीच्या भित्तिपत्रक स्पर्धेत दुसरा नंबर मिळाला होता. सोबत जेवल्यानं, हात मिळवल्यानं, एकच संडास वापरल्यानं एचआयव्ही होत नाही, हे त्या मुलींनी स्वतःच्या हातानं रंगवलं होतं. तोंडी विचारलं असतं तर धडाधडा सांगितलंही असतं. त्यांना माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही. पेपरातलं उत्तर वेगळं आणि मेसमधलं वेगळं, एवढंच. दुसरं उत्तर त्यांनी आपल्याकडूनच उचललं, असं मला वाटतं. म्हणून हे पत्र विद्यार्थ्यांना लिहीत नाही, तुम्हाला लिहिते आहे.

त्या दिवसापासून मी शिबिराला जाताना हातमोज्यांचा रिकामा खोका घेऊन जाते. वर फट पाडलेली. नाव न लिहिता काय विचारायचं ते विचारा म्हणते. विदर्भात तरी ही रीत नवी नसावी. ज्यांच्या नावाचं विद्यापीठ अमरावतीत आहे ते गाडगेबाबा कीर्तनात सांगायच्या आधी विचारायचे. समोरच्या माणसाला बोलतं करायचे, मग त्याच्याच उत्तराला धरून पुढं जायचे. आपण मात्र माईक हातात घेतला की खाली ठेवत नाही.

खोक्यातल्या चिठ्ठ्या वाचताना हसू येतं, आणि मग येत नाही. "मच्छर चावल्यानं एड्स होते का?" ही चिठ्ठी दर खेपेला असते, आणि मास्तर लोक त्यावर हसतात. हसू नका. गडचिरोली-गोंदियाकडचं पोरगं मलेरिया बघत मोठं झालेलं असतं. मच्छर एकाचं रक्त पितो आणि दुसऱ्याला ताप देतो हे त्यानं घरात पाहिलंय. त्याची शंका रास्त आहे. तिला उत्तरही तसंच द्यावं लागतं: मलेरियाचा जंतू मच्छराच्या अंगात वाढतो आणि त्याच्या लाळेत येऊन बसतो, एचआयव्ही मच्छराच्या पोटात पचून जातो. मच्छर चावताना लाळ सोडतो, आधी प्यालेलं रक्त परत सोडत नाही. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. एवढं ऐकलं की पोरगं मान हलवतं. नुसतं "होत नाही" म्हटलं की वहीत लिहून घेतं.

"न्हाव्याच्या ब्लेडानं होते का?" "यात्रेत गोंदलं तर?" "कावीळ आणि हिपॅटायटिस एकच का?" "आमच्या रूमवर तिघांचा एकच रेझर आहे, चालते का?" (नाही चालत. टूथब्रशही नाही.) एका चिठ्ठीत फक्त एवढंच होतं: "एड्स झाला तर किती दिवस जगते माणूस?" अक्षर मुलीचं वाटलं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या सरकारी एआरटी केंद्रात 2004 पासून औषधं फुकट मिळतात, आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी घ्यावी लागते. गोळी नेमानं घेणारा माणूस नोकरी करतो, लग्न करतो, म्हातारा होतो. रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका खाली राहिला तर तो शरीरसंबंधातून जोडीदारालाही देत नाही. आपल्या भिंतींवर अजून कवटीचं चित्र आहे. पोरांचं ज्ञान त्या कवटीपाशीच थांबलंय.

आणि हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणारी कावीळ ब, हा तर त्यांच्या गावीच नाही. रक्तातून जाण्यात हा विषाणू एचआयव्हीपेक्षा कितीतरी चपळ. बाधित माणसाला टोचलेली सुई लस न घेतलेल्या दुसऱ्याला टोचली तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात 30 पर्यंत जाते. हिपॅटायटिस सीची शंभरात दोन-तीन, आणि एचआयव्हीची हजारात तीन. वाळलेल्या रक्ताच्या डागात बीचा विषाणू निदान सात दिवस टिकतो. गुजरातेत मोडाशाला 2009 मध्ये वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्या गेल्या, त्यातून याच विषाणूची साथ आली आणि माणसं मेली. आपल्याकडेही तापाला "सुई लावून द्या, डॉक्टर" म्हणणारे घरोघरी आहेत. सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडा, हे म्हणायला मात्र जीभ उचलत नाही. पुष्कळ नाभिक बांधव आता दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड लावतात. एखादा लावत नसेल तर "दादा, ब्लेड बदला" म्हणायला एकोणीस वर्षांचं पोरगं लाजतं, कारण बाजूच्या खुर्चीवर काका बसलेले असतात.

आता जरा नाजूक गोष्ट.

एका शिबिरानंतर दोनच दिवसांत एका प्राचार्यांचा फोन आला. "मॅडम, शिबिर छान झालं. फक्त कोणाकोणाचं रक्त खराब निघालं तेवढी यादी द्या. आम्हालाही लक्ष ठेवावं लागते." दान केलेल्या प्रत्येक पिशवीच्या पाच तपासण्या होतात: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. त्यातलं काही निघालं तर फक्त रक्तदात्याला बोलवतात, एकट्याला सांगतात, आणि पक्क्या निदानासाठी पुढं पाठवतात. पहिली चाचणी म्हणजे निदान नसतं. मी यादी दिली नाही. सर नाराज झाले. "आम्ही पालकासारखे आहोत," म्हणाले.

त्या शिबिरातला बीएस्सीचा एक मुलगा हिपॅटायटिस बीसाठी रिॲक्टिव्ह आला होता, म्हणजे पहिल्या चाचणीत खूण दिसली होती. तो आईला घेऊन एसटीनं आला. जिल्ह्याला जायचंय म्हणून त्यानं कॉलेजात रजेचा अर्ज दिला होता. सरांनी दोन आणि दोन चार केले आणि ऑफिसात, बाबूंच्या समोर विचारलं, "कुठं गेला होता रे तू?" कुठं म्हणजे कुठं, ते तुम्हाला कळलं असेल. त्यालाही कळलं.

मी त्याला विचारलं, आधी कधी कावीळ झाली होती का? आईनंच उत्तर दिलं, "झाली होती न. सातवीत होता. माळ घातली, उतरली." ती माळ तुम्हीही पाहिली असेल. काड्यांचे तुकडे दोऱ्यात अडकवलेले असतात, डोक्यावर ठेवतात, काड्या वाळतात, गाठी सैल पडतात आणि माळ गळ्यापर्यंत उतरते. कावीळ उतरली! ती कावीळ बहुधा खराब पाण्याची असते, हिपॅटायटिस ए किंवा ई प्रकारची, आणि ती बहुतेक वेळा आपली आपणच बरी होते. श्रेय माळ घेते. बीवाल्याला मात्र कित्येकदा डोळे पिवळे झाल्याचं आठवतच नाही. तो विषाणू यकृतात मुकाट्यानं बसतो आणि पुढं वीस-तीस वर्षांनी सिरॉसिस (यकृत कडक होणं) नाही तर यकृताचा कॅन्सर होऊन समोर येतो.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही विषाणू होताच. म्हणजे जुना. मोठेपणी हिपॅटायटिस बी झालेल्या शंभर जणांपैकी पाचसुद्धा आयुष्यभराचे वाहक होत नाहीत, बाकीच्यांचं शरीर त्याला हाकलून देतं. जन्मताना आईकडून बाळाला गेला तर मात्र शंभरातल्या 90 बाळांत तो कायमचा राहतो. आईची तपासणी केली. तीही पॉझिटिव्ह. हा जन्मला घरी, पावसाळ्यात, नाल्याला पूर असताना. बाळाला चोवीस तासांच्या आत द्यायची लस तिथं कुठून येणार?

रिपोर्ट ऐकून ती बाई पदराशी चाळा करत बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजे म्याच देल्लं का त्याले?"

मी म्हटलं, "बाई, तुम्हाला कोणी दिलं ते तुम्हाला तरी कुठं माहीत?" याहून बरं काही मला सुचलं नाही. नंतर सुचलं, पण तोपर्यंत त्यांची गाडी गेली होती. दोघांचा यकृताचा पाठपुरावा आता सुरू आहे, धाकट्या बहिणीला तपासून लस दिली. "कुठं गेला होता रे" या प्रश्नाचं खरं उत्तर, सर, एवढंच आहे: तो कुठंच गेला नव्हता, तो जन्मला होता. आणि समजा गेला असता, तरी तो प्रश्न ऑफिसात विचारायचा नव्हता.

त्या पोरानं नंतर एक गोष्ट सांगितली ती मला जास्त लागली. वर्गातली मुलं आधी त्याच्याशी नीट होती. ऑफिसातला तो प्रसंग फुटल्यावर त्याच्या बाकावर बसणं त्यांनी सोडलं.

शिबिरांच्या आकड्यांबद्दलही बोलायला हवं. गणराज्यदिनाला 'एकशे एक पिशव्या' असा फलक आधीच छापून येतो, आणि मग 101 भरायचे असतात. एका पोराच्या मनगटावर रुमाल घट्ट बांधलेला होता. सोडायला लावला, तर खाली 'आई' गोंदलेलं, अजून खपली न धरलेलं. गोंदल्यावर 12 महिने रक्त घेत नाहीत. कारण सरळ आहे. यात्रेत, मग ती मार्कंड्याची असो की चंद्रपूरच्या महाकालीची, रांगेतल्या दहा जणांना तीच सुई आणि तीच शाईची वाटी फिरली का, हे आपल्याला सांगता येत नाही. आणि लागण झाल्यावर काही आठवडे असे जातात की विषाणू रक्तात असतो पण चाचणीत दिसत नाही. त्या आठवड्यांत आमचं यंत्र आंधळं असतं. तिथं फक्त दात्याचं खरं बोलणं कामाला येतं. म्हणून आम्ही तो लांबलचक फॉर्म भरून घेतो. त्या पोरानं सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहिलं होतं. तुमचे कार्यक्रम अधिकारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "घ्या ना मॅडम, पोरगं धडधाकट आहे. सर्टिफिकेट लागते त्याले."

ती पिशवी कोणाला गेली असती? कदाचित त्याच ठिपक्याच्या ताटवालीला. खोटं बोलायला लावणारं सर्टिफिकेट तिच्या जिवावर बेततं, याचा विचार कोणी करत नाही. माझी विनंती आहे, रक्तदानाचे गुण आणि प्रमाणपत्र पिशवीशी जोडू नका. फॉर्म खरा भरून परत गेलेल्यालाही तेच प्रमाणपत्र द्या. आणि फॉर्म भरताना पोराच्या खांद्यावरून मित्र डोकावणार नाही एवढी जागा ठेवा. एक पडदा, एक खुर्ची.

सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिराचंही तेच. दत्तक गावातला उकिरडा पोरांच्या उघड्या हातांनी साफ करवून घेता, त्यात कुठल्याशा दवाखान्यातल्या सुया असतात. एका मुलीच्या तळहाताला अशी सुई टोचली. सरांनी हळद लावली आणि घरी सांगू नको म्हणाले, घरचे घाबरतील. ती आमच्याकडे आली पाचव्या दिवशी. अशा वेळी टोचलेली जागा साबण-पाण्यानं धुवायची, दाबून रक्त काढत बसायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठायचं. एचआयव्ही टाळण्याची औषधं होईल तितक्या लवकर, जमलं तर दोन तासांत आणि फार तर 72 तासांत सुरू व्हावी लागतात, पुढं 28 दिवस घ्यावी लागतात. पाचव्या दिवशी ती खिडकी बंद झालेली होती. तिचे सगळे रिपोर्ट पुढं चांगले आले. पण ते तीन महिने तिनं कसे काढले ते तिलाच विचारा. उकिरड्यासाठी जाड रबरी हातमोजे आणि चिमटा, एवढा खर्च शिबिराच्या अनुदानात बसतो. नसेल बसत तर उकिरडा राहू द्या.

कायद्याचं थोडक्यात. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 2017 चा, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू. कोणाची एचआयव्हीची स्थिती त्याच्या संमतीशिवाय सांगता येत नाही, संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, शिक्षणसंस्थेला त्यावरून प्रवेश नाकारता येत नाही की वेगळं बसवता येत नाही. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत एक तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तुमच्या कॉलेजात शंभरावर माणसं आहेतच. कोण आहे तो अधिकारी? मी बऱ्याच ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी मला रॅगिंगविरोधी समितीचा फलक दाखवला गेला. हा कायदा एचआयव्हीपुरता आहे हे खरं. पण हिपॅटायटिसच्या पोराला ऑफिसात उभं करायला कुठल्या कायद्यानं सांगितलंय?

रॅली काढू नका असं मी म्हणत नाही. काढा, पोरांना तेवढंच उन्हात फिरणं होतं. पण त्या दिवशी शेवटचे दोन तास वर्गातले ठेवा. एड्स जनजागृतीसाठीचा कॉलेजातला रेड रिबन क्लब कागदावर असेलच, त्याला कामाला लावा. खोका ठेवा, चिठ्ठ्या येऊ द्या, ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशकांना बोलवा, आणि कृपा करून पहिल्या रांगेत स्वतः बसू नका. तुम्ही समोर असलात की खोक्यात फक्त मच्छर येतात. जे पोरगं वर्गातही विचारणार नाही त्याच्यासाठी एड्स हेल्पलाइनचा 1097 हा क्रमांक संडासाच्या दारामागे लावा. तो टोल फ्री आहे, आणि दारामागे तो निवांत टिपून घेता येतो. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो, बहुतेकांना 12 आठवडे पुरतात, आणि 2018 पासून सरकारी कार्यक्रमात त्या मोफत आहेत, हेही तिथंच लिहा.

एक काम मात्र डिसेंबरचं नाही. हिपॅटायटिस बीची लस देशभरातल्या बाळांच्या लसीकरणात आली ती 2011 मध्ये. आज तुमच्या वर्गात बसलेली पोरं त्याआधी जन्मलेली आहेत. कोणाला लस मिळाली, कोणाला नाही, हे त्यांच्या आयांनाही आठवत नाही, आणि ती पिवळी-गुलाबी कार्डं कधीच पुरात, नाही तर उंदरांच्या दातांत गेली. मोठ्यांना तीन डोस लागतात: पहिला, एका महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. काही कॉलेजं उत्साहानं डिसेंबरात पहिला देतात. तिसरा येतो जूनमध्ये. तेव्हा पोरं पेरणीला घरी असतात, निम्मी परत येतच नाहीत. म्हणून जुलैत, प्रवेशासोबतच सुरू करा. जुलै, ऑगस्ट, जानेवारी. तिन्ही डोस एकाच शैक्षणिक वर्षात बसतात. प्रवेशाच्या पावतीवर 'वैद्यकीय तपासणी' असं एक कलम असतं, त्याचे पैसे तुम्ही दरवर्षी घेता. त्या पैशातून काय तपासता ते मला आजवर कळलेलं नाही. लस तिथून सुरू करता येईल का, एवढं बघा.

ठिपक्याच्या ताटाचं राहिलंच. शिबिरातून निघताना मी पेट्रोल लावलेल्या कापसानं तो ठिपका पुसायला बसले. नेलपॉलिश जुनं, निघता निघेना. मग ती वाढणारी पोरगीच तारेची घासणी घेऊन आली.

आपली,
रक्तकेंद्रातली एक तंत्रज्ञ